सुरयांचें माहेर

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस निवतीहून होडी करून आम्ही सहकुटुंब वेंगुर्ल्याचे खडक पाहावयास गेलों. खडक जवळ येतांच मुलांनीं एकच गलका केला. वर सुरय पक्ष्यांचे थवे घिरट्या घालीत होते. त्यांतील काळसर पाठीचा सुरय एरव्हीं भर समुद्रावरच राहतो. जमिनीस पाय लावतो तो मुख्यत्वें विणीपुरता. काड्यांचें घरटें नाहीं. खडकाच्या आडोशास एकच अंडें, आणि त्यावर आईबापांच्या अंगाची सावली!

तांडेलानें विचारिलें, "वर उतरतास काय?" आम्ही मोहांत पडलों. दुर्बिणीनें का हौस फिटते? इतक्यांत आत्याबाई म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलींत परक्यानें शिरूं नये हो!"

आम्ही ओशाळलों. माणूस वर चढला कीं पक्षी भिऊन उठतात, आणि उघडें पडलेलें अंडें उन्हानें भाजून निघतें, हें पुस्तकांत वाचूनहि आम्ही विसरलों होतों. होडी दुरूनच वळविली.

मुलें हिरमुसलीं. तथापि रात्रीं आजोबांस त्यांनीं सांगितलें तें हेंच, कीं आपण सुरयांच्या माहेरीं गेलों होतों आणि उंबरठ्याबाहेरूनच परतलों.