स्मशानातून उद्यानाकडे : माउंट ऑबर्नची वृक्षयोजना

एखाद्या नगराची संपन्नता त्याच्या बाजारपेठेत दिसते. त्याची दूरदृष्टी मात्र त्याने जोपासलेल्या झाडांत दिसते. बाजार एका पिढीत उभा राहतो. वडाची पूर्ण सावली मिळण्यास दोन पिढ्या लागतात, आणि ज्याने रोप लावले त्याला ती सावली बहुधा लाभत नाही. म्हणून वृक्षारोपण हे हौसेचे काम नसून नियोजनाचे काम आहे. हे नियोजन कसे असावे याचा एक उत्तम नमुना अमेरिकेत बॉस्टन शहराजवळ पाहावयास मिळतो, आणि तो एका दफनभूमीत आहे.

स्मशानाचा उल्लेख करताच वाचकांचे मन किंचित आक्रसेल. आपल्याकडे स्मशानातून परतल्यावर स्नान केल्यावाचून घरात पाऊल टाकत नाहीत. सहज फिरावयास तेथे जाण्याची तर कल्पनाच नाही. पण केंब्रिज आणि वॉटरटाउन या दोन गावांच्या सीमेवरील माउंट ऑबर्न येथे आम्ही मे महिन्यातील एका सकाळी गेलो, तेव्हा दारातून आत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गळ्यात दुर्बीण होती. दक्षिणेकडून उत्तरेकडे स्थलांतर करणारे चिमुकले पक्षी त्या दिवसांत या वृक्षराजीत विसावतात आणि त्यांना पाहण्यासाठी माणसे पहाटेपासून येतात. कोणी बाकावर पुस्तक वाचत होते, कोणी फुले घेऊन आपल्या माणसाच्या समाधीकडे चालले होते. एकाने दुसऱ्याच्या शांततेत व्यत्यय आणलेला दिसला नाही.

प्राचीन इजिप्तच्या शैलीतील भव्य दगडी प्रवेशद्वारातून आत गेल्यावर रस्ते सरळ रेषेत जात नाहीत. टेकड्यांच्या उतारानुसार ते वळतात. मोठ्या रस्त्यांना बीच, स्प्रूस, विलो, सायप्रस अशी वृक्षांची नावे दिलेली आहेत. मधून तळी लागतात, दऱ्या लागतात, आणि सर्वांत उंच टेकडीवर वॉशिंग्टनच्या नावाचा दगडी मनोरा आहे. तेथून चार्ल्स नदी आणि बॉस्टन शहर दिसते. १८३१ मध्ये ७२ एकरांवर आरंभ झालेली ही भूमी आज सुमारे १७५ एकरांवर पसरली आहे. येथे पाच हजारांहून अधिक वृक्ष आहेत आणि त्यांच्या जाती-उपजाती सातशेच्या घरात आहेत. अनेक झाडांच्या खोडांवर नाव आणि क्रमांक असलेली लहानशी पट्टी दिसते. ज्याची नोंद नाही त्याची निगा राहत नाही, हे व्यापारी घरांतील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या स्थानाचा जन्म एका अडचणीतून झाला. १८३० च्या सुमारास बॉस्टनची वस्ती साठ हजारांवर गेली होती. चर्चच्या तळघरांत आणि शहराच्या मध्यावरील आवारांत दफनासाठी जागा उरली नव्हती, आणि त्यामुळे रोगराई पसरेल अशी भीती लोकांना वाटत होती. जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरांनी शहराबाहेर वृक्षाच्छादित दफनभूमी करावी, असा विचार मांडला. ते वैद्य होते तसेच वनस्पतिशास्त्राचे अभ्यासकही होते. मॅसॅच्युसेट्सची उद्यानविद्या संस्था तेव्हा नुकतीच, १८२९ मध्ये, स्थापन झाली होती. तिला प्रयोगासाठी बाग हवी होती. पण पैसा नव्हता. दफनभूमीसाठी जमीन घ्यावयाची, तिचे भूखंड कुटुंबांना विकावयाचे आणि त्याच उत्पन्नातून बागही उभी करावयाची, असा मेळ जमला. २४ सप्टेंबर १८३१ रोजी या भूमीचे विधिपूर्वक समर्पण झाले. काही वर्षांनी उद्यान संस्था आणि दफनभूमी वेगळ्या झाल्या, तेव्हा भूखंडविक्रीचा चौथा हिस्सा उद्यान संस्थेस मिळावा, असा करार झाला. उत्तम कार्यासही हिशेबाचा पाया लागतो, याचे हे चोख उदाहरण आहे.

पुढे जे घडले ते आरंभकर्त्यांच्याही कल्पनेपलीकडचे होते. शहरवासी येथे सहलीला येऊ लागले, कारण त्या काळी अमेरिकेच्या मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी विस्तीर्ण उद्यानेच नव्हती. फिलाडेल्फियात १८३६ मध्ये आणि न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिनमध्ये १८३८ मध्ये अशाच दफनभूमी निर्माण झाल्या. लोक झाडांच्या सावलीसाठी स्मशानात जातात, तर मग त्यांच्यासाठी उद्यानेच का करू नयेत, असा प्रश्न अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या उद्यानतज्ज्ञाने १८४९ च्या सुमारास उपस्थित केला. त्या विचारातून न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क साकारले. सार्वजनिक उद्यानाचा मार्ग तेथे स्मशानाच्या दारातून गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

झाडे लावणे सोपे असते. झाडांचा समूह दोनशे वर्षे टिकवणे कठीण असते. अमेरिकेने याचा धडा मोठी किंमत देऊन घेतला. तेथील गावोगावच्या रस्त्यांवर एल्म या एकाच वृक्षाच्या रांगा होत्या. १९३० मध्ये त्या वृक्षाचा एक बुरशीजन्य रोग युरोपातून आलेल्या लाकडाबरोबर ओहायोत पोहोचला आणि पुढील काही दशकांत रस्तेच्या रस्ते उघडे पडले. अनेक ठिकाणी रिकाम्या जागी ॲश लावले गेले. २००२ मध्ये मिशिगन राज्यात आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा आढळला आणि त्याने कोट्यवधी ॲश वृक्ष नष्ट केले. चूक तीच होती, केवळ झाड बदलले होते.

यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये एक सोपा नियम सुचवला. नगरातील एकूण झाडांत एका जातीची झाडे शंभरात दहांहून अधिक नसावीत, जवळच्या नात्यातील जातींच्या एका गणाची वीसांहून अधिक नसावीत आणि एका कुलातील तिसांहून अधिक नसावीत. सगळी उधारी एकाच पेढीकडे अडकवू नये, हे ज्याला कळते त्याला हा नियम समजण्यास वेळ लागणार नाही.

आता हा नियम घेऊन आपल्या गावाच्या स्मशानभूमीत आणि नगरपालिकेच्या बागेत जाऊ. गुलमोहर, बहावा, करंज, चिंच, पळस, कांचन, शिरीष या झाडांची नावे वाचताना विविधता भरपूर वाटते. पण ही सारी शेंगांच्या एकाच कुलातील आहेत. वड, पिंपळ आणि उंबर तर एकाच गणातील सख्खे भाऊ. शंभर झाडांच्या आवारात पहिल्या गटाची मर्यादा तीस आणि दुसऱ्याची वीस. उरलेल्या जागी कडुनिंब, बकुळ, ताम्हण, जांभूळ, अर्जुन, सातवीण, मोह यांना स्थान दिले, तर एखादा रोग किंवा दुष्काळ आला तरी सर्व सावली एकदम जाणार नाही. ताम्हणाचे फूल तर आपले राज्यपुष्प आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो लवकर वाढतो आणि सुरेख फुलतो. परंतु त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वादळी पावसात त्याच्या फांद्या मोडतात. पायवाटेवर आणि बाकांजवळ तो नसलेलाच बरा.

वड, पिंपळ आणि उंबर यांचा विषय आपल्या वाचकांसाठी विशेष आहे. या वृक्षांची फळे पंच उदुंबरांत मोडतात आणि त्यांतील असंख्य सूक्ष्म जीवांमुळे श्रावक ती वर्ज्य मानतो. विज्ञानही सांगते की, या फळांच्या आत बारीक कीटकांची पैदास होते आणि त्यांच्यावाचून या वृक्षांचे परागीभवन होत नाही. ही फळे वर्षाच्या निरनिराळ्या काळी पिकत असल्याने इतर झाडे निष्फळ असतानाही पक्ष्यांना आणि खारींना अन्न मिळते. ज्यात इतके जीव नांदतात म्हणून आपण ते ताटात घेत नाही, त्याच कारणासाठी तो वृक्ष सार्वजनिक भूमीवर असावा. मात्र त्याची मुळे भिंती आणि जलवाहिन्या फोडतात. म्हणून त्याची जागा आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात. दहनओट्याजवळ बकुळीसारखे मध्यम आकाराचे झाड, विजेच्या तारांखाली कांचन किंवा पारिजातक, पाणी वाहते त्या कडेला अर्जुन. माउंट ऑबर्नसारख्या दफनभूमीत तर झाड कोठे लावावे हा नाजूक प्रश्न असतो, कारण मुळे समाधीचे दगड हलवू शकतात. तेथे १९०० पासून दहनगृहही आहे. आपल्याकडे दहनासाठी प्रत्येक वेळी काही मण लाकूड खर्ची पडते, हे लक्षात घेता स्मशानभूमीवर झाडांचे ऋण अधिकच आहे.

वनकर्म आणि अंगारकर्म, म्हणजे जंगलतोड आणि कोळशाचा व्यवसाय, हे श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत येतात. वृक्ष तोडण्यात दोष मानणाऱ्या परंपरेने वृक्ष जगवण्याची व्यवस्थाही हाती घ्यावी, हे सुसंगतच होय. प्रत्यक्ष खणण्यातही यतना पाळता येते. खड्डे पावसाळ्यात चिखलात न खणता उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत खणावेत. तेव्हा मातीच्या वरच्या थरात जीवांची वर्दळ कमी असते आणि ऊन खाल्लेला खड्डा रोपालाही मानवतो.

१९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर जुलैत आपण झाडे लावतोच. परंतु कित्येक ठिकाणी गतवर्षीच्याच खड्ड्यात यंदाचे रोप लागते. पाहुणे येतात, छायाचित्र निघते आणि मार्चमध्ये पाणी घालणारे कोणी नसते. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि कुंपण मिळाले, तर पुढे ते स्वतःच्या बळावर उभे राहते. प्रश्न रोपांचा नसून या तीन उन्हाळ्यांचा आहे. माउंट ऑबर्नने तो कायम निधीने सोडवला. कुटुंबांनी दिलेल्या रकमेतील भाग देखभालीसाठी राखून ठेवला गेला आणि त्याच्या उत्पन्नावर माळ्यांच्या पिढ्या काम करीत आल्या.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. पांजरपोळीत आणि भोजनशाळेत आपण कायम तिथी लिहितो. मुद्दल अबाधित राहते आणि व्याजातून त्या दिवसाचा खर्च भागतो. आई-वडिलांच्या स्मृतिदिनाची अशीच एक तिथी स्मशानभूमीतील आणि बागेतील झाडांच्या पाण्यासाठी लिहिली गेली, तर फेब्रुवारीपासून जूनपर्यंतचा एकेक दिवस एकेका कुटुंबाच्या नावे होईल.

आरंभ मोजणीपासून करावा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्षगणना हे नगरसंस्थेच्या वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष मानले आहे. नगरपालिकेकडे ती यादी मागावी. नसेल तर युवक मंडळाने दोन रविवारी आवारात फिरून जात, घेर, प्रकृती आणि रिकामी जागा यांची वही तयार करावी. मग नकाशा, मग निधी, आणि सर्वांत शेवटी रोपे. वही आणि निधी एप्रिलपर्यंत सिद्ध झाले, तर मे महिन्यात खड्डे खणता येतील आणि पहिल्या पावसाला रोपे जमिनीत असतील.