विरळा म्हणजे किती?

'विरळा' ह्या शब्दाला एक गोडवा आहे. विरळा गुण, विरळा माणूस, विरळा योग असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. तोच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला म्हणजे मात्र ऐकणाऱ्याची गत निराळी होते. प्रथम त्यास दिलासा वाटतो, कारण विरळा आजार हा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी व्हावयाचा असतो. आणि तो आपल्याच दारी आला, तर 'आमच्यावरच कां?' हा प्रश्न उभा राहतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्याच्याविषयी हे दोन्ही उद्गार आम्ही घरात ऐकले आहेत. त्याला लहान पेशींचा कर्करोग म्हणतात. तो किती जणांस होतो व कोणांस होतो, एवढ्याच गोष्टीचा विचार वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. वैद्यकी हा आमचा विषय नव्हे. परंतु घरात आजारी माणूस असले म्हणजे घरच्यांस पुष्कळ शिकावे लागते, त्यातलेच हे थोडेसे.

आधी आकडे पाहू. २०२२ साली साऱ्या जगात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४ लाख ८० हजार नवे रोगी झाले आणि सुमारे १८ लाख माणसे त्या रोगाने मरण पावली. दुसऱ्या कोणत्याही कर्करोगाने त्या वर्षी इतकी माणसे नेली नाहीत. आपल्या देशात नवे रोगी सुमारे ८१ हजार असावेत असा अंदाज आहे. ह्या सर्वांत लहान पेशींच्या प्रकाराचे रोगी शंभरांत दहा ते पंधरा धरले जातात. त्या हिशेबाने भारतात वर्षाकाठी आठ ते बारा हजार. देशाची वस्ती १४० कोटींच्या घरात. तेव्हा लाख माणसांमागे वर्षाला एक रोगीही भरत नाही. पाच हजार वस्तीचे एखादे गाव घेतले, तर तेथे पंचवीस-तीस वर्षांतून एकदा हा रोग यावा. म्हणजे चार-पाच धर्मगुरू त्या गावी येऊन बदलून जातील, तेव्हा कोठे असा एक रोगी निघेल!

हा हिशेब बरोबर आहे, आणि तरीही तो फसवा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढून खानापूरच्या रानातल्या आणि अथणीच्या माळावरच्या शेतकऱ्यास सारखेच भिजवावे, तसा हा प्रकार होतो. पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. हा रोग तर मुळीच पडत नाही. त्याच्या शंभर रोग्यांची विचारपूस केली तर त्यांतील पंचाण्णवांच्या आसपास माणसे तंबाखू ओढणारी, किंवा पूर्वी ओढीत असलेली निघतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे इतर प्रकार असे काटेकोर नाहीत. ग्रंथींच्या पेशींपासून होणारा जो प्रकार आज सर्वांत अधिक आढळतो, तो ज्या स्त्रियांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशांसही होतो. लहान पेशींचा प्रकार मात्र धुराचा माग सहसा सोडीत नाही.

ही गोष्ट ध्यानात यावयास पुष्कळ काळ लागला. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता ह्या रोगाच्या पेशी बारीक, लांबट, गर्द रंगाच्या आणि दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. विलायतेत ओट नावाचे जे धान्य पिकते त्याच्या दाण्यांसारख्या त्या दिसतात, म्हणून जुन्या डॉक्टरांनी त्यांस ओटाचेच नाव दिले होते. छातीच्या मध्यभागी होणारी ही काही निराळीच गाठ आहे, अशी त्या वेळची समजूत होती. १९२६ साली बर्नार्ड नावाच्या इंग्रज डॉक्टराने ती गाठ मूळ फुफ्फुसातलीच असल्याचे दाखवून दिले. पुढे १९५० साली डॉल आणि हिल ह्या दोघांनी लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांची चौकशी करून तंबाखूचा आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध जगापुढे मांडला. आणि १९६२ साली नॉर्वेच्या क्रायबर्ग ह्यांनी रोगाचे प्रकार वेगळे करून पाहिले, तेव्हा धूम्रपानाशी अत्यंत घट्ट बांधलेले जे प्रकार निघाले त्यांत हा एक होता.

आता आमच्या घरची हकीकत सांगणे भाग आहे. आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, निपाणीच्या बाजूस दिलेली. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची मोठी पेठ. तेथील हवेलाच तंबाखूचा वास असतो, आणि त्या वासावर कित्येक घरांची चूल पेटते, मुलांच्या शाळेची फी भरली जाते, मुलींची लग्ने होतात. १९८१ साली तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता अडवला होता. आमचे दाजी त्या शेतकऱ्यांत बसलेले होते. विडी त्यांच्या हातात तेराव्या-चौदाव्या वर्षी आली. कोणी वाईट संगतीने दिली असे नव्हे. वखारीत काम करणाऱ्या पोराने दुपारच्या सुटीत एक विडी ओढावी, ह्यात कोणास काही वावगे दिसत नसे. पुढे दिवसाला एक कट्टा हे त्यांचे प्रमाण ठरून गेले. उपवासकाळ लागला की राखेच्या बुधवारपासून ते विडी सोडीत, चाळीस दिवस कटाक्षाने पाळीत, आणि ईस्टरच्या सकाळी मिस्सा आटोपून बाहेर आले की देवळाच्या कुंपणाशीच पहिली विडी पेटवीत. आम्ही सारे ह्यावर हसत असू. चाळीस दिवस जो माणूस एवढा निग्रह करतो त्याला एकेचाळिसावा दिवस कां जड जावा, हे कोडे तेव्हा कोणी सोडवू पाहिले नाही.

विडीविषयी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या खेड्यांत सिगारेटपेक्षा विडी सौम्य असा एक समज आहे. विडीत तंबाखू थोडा असतो हे खरे. परंतु तिचे पान धड जळत नाही. ती विझू नये म्हणून ओढणाऱ्यास झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात. त्यामुळे एका विडीतून पोटात जाणारा डांबरासारखा चिकट अंश आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट अधिक असल्याचे तपासांत दिसून आले आहे. २०१६-१७ साली देशभर जी पाहणी झाली तीत प्रौढ माणसांपैकी शंभरांत ७.७ विडी ओढणारी आणि ४ सिगारेट ओढणारी आढळली. विलायती पुस्तकांत सिगारेटविषयी जे लिहिलेले असते ते आपल्याकडे विडीविषयी वाचावे लागते.

२०२२ च्या पावसाळ्यात दाजींचा खोकला वाढला. जुना खोकला म्हणजे क्षय, असे आपल्याकडे धरूनच चालतात; त्याची तपासणी झाली आणि क्षय नाही असे कळल्यावर घरात आनंद झाला. नंतर सकाळी उठल्यावर त्यांचे तोंड व मान सुजलेली दिसू लागली, गळ्याच्या शिरा फुगू लागल्या. तालुक्याच्या डॉक्टरांस मूत्रपिंडाचा संशय आला. खरे कारण असे होते की छातीतली गाठ वाढून डोक्याकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेला दाबीत होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळात गाठीचा तुकडा काढून तपासला, आणि तेथील डॉक्टर म्हणाले, "हा त्यातल्या त्यात विरळा प्रकार आहे." अक्काने आमच्याकडे पाहिले. विरळा म्हणजे बरे की वाईट, एवढेच तिला हवे होते.

वाईट, असेच त्याचे उत्तर आहे. शरीरातल्या पेशींच्या वाढीला आवर घालणारे जे वारसाघटक असतात, त्यांतील दोन फार महत्त्वाचे. ह्या रोगात बहुधा ते दोन्हीही निकामी झालेले असतात. एक बैल उधळला तर दुसरा गाडी थोडीबहुत आवरतो. दोन्ही उधळले म्हणजे गाडीवानाचे काही चालत नाही. तीन रोग्यांपैकी दोघांच्या बाबतीत निदान होते तेव्हाच रोग यकृतात, हाडांत किंवा मेंदूत पोचलेला असतो. औषध न घेतल्यास काही महिन्यांचाच प्रश्न राहतो. सर्व रोगी एकत्र धरले तर पाच वर्षांनंतर हयात असणारे शंभरांत सात-आठ. अमेरिकेत सुमारे ५३ हजार धूम्रपान करणाऱ्या व पूर्वी केलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. दरवर्षी छातीचे विशेष छायाचित्र काढल्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शंभरांत वीस कमी झाले, असा त्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. परंतु ह्या प्रकाराच्या रोग्यांस त्याचा लाभ मिळाला नाही. एका छायाचित्रापासून दुसऱ्यापर्यंतच्या वर्षात तो उगवून पसरलेला असतो.

आणि ह्याची खोडी अशी की प्रथम तो औषधास चटकन नमतो. दाजींची सूज दुसऱ्या खेपेच्या औषधानंतर उतरली, आवाज सुटला, ते शेताच्या बांधापर्यंत चालत जाऊ लागले. शंभरांतील साठ-सत्तर रोग्यांच्या गाठी अशाच आकसतात. गावात लोक म्हणू लागले की दाजी बरे झाले. आठ महिन्यांनी रोग परतला तो मेंदूत. अलीकडे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे आली आहेत. रोग छातीच्या एकाच बाजूस असताना सापडला तर त्यांनी आयुष्य बरेच लांबते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. त्या औषधांची किंमत मात्र शेतकऱ्याच्या घरात उच्चारावयाचीही सोय नाही.

दाजी गेले त्या आठवड्यात समाचाराला आलेली मंडळी दारातून बाहेर पडता पडता एक वाक्य बोलत असत: "विडी ओढीत होते ना." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसे. वाक्य खोटेही नव्हते. वर आम्हीच ते आकड्यांनी सिद्ध केले आहे. तथापि ते उंबरठ्याच्या आत अक्काला ऐकू येई. तेराव्या वर्षी हातात आलेली वस्तू, जी विकून सबंध तालुका जगतो, सरकार जिच्यावर कर घेते, तिचा सारा जाब एकट्या मेलेल्या माणसाकडे मागावा हे आम्हांस न्यायाचे वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

शिवाय ह्या रोगाचे रोगी केवळ ओढणारेच असतात असेही नाही. युरोपात सॅक्सनी आणि बोहेमिया ह्यांच्या सीमेवर डोंगरांची एक रांग आहे. तिच्या एका अंगास श्नीबर्ग, दुसऱ्या अंगास संत योआकिमच्या नावाने वसलेले योआखिमस्थाल. तेथील खाणकामगार छातीच्या आजाराने अकाली मरतात हे सोळाव्या शतकापासून ठाऊक होते. तो फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे १८७९ साली हार्टिंग व हेसे ह्या दोघा डॉक्टरांनी दाखविले. पुढे उमगले की खडकांतून निघणारा रेडॉन नावाचा वायू हे त्याचे कारण. अमेरिकेत युरेनियमच्या खाणींत उतरलेल्या नाव्हाहो जमातीच्या पुरुषांत तंबाखू ओढण्याची चाल फार थोडी होती. त्यांच्यातही फुफ्फुसाचा कर्करोग झाला, आणि अशा खाणकामगारांत लहान पेशींचा प्रकार विशेष आढळला. त्यांस नुकसानभरपाई देणारा कायदा १९९० साली झाला. पोटासाठी खाली उतरलेल्या त्या माणसांस 'तुम्हीच ओढवून घेतले' असे कोण म्हणेल?

पूर्वी हा पुरुषांचा रोग मानीत. अमेरिकेत १९७३ साली ह्या प्रकाराच्या शंभर रोग्यांत स्त्रिया २८ होत्या. २००२ साली त्या निम्म्या झाल्या, कारण मधल्या काळात स्त्रियांनीही सिगारेट हाती घेतली होती. त्याच देशात एकूण धूम्रपान घटू लागल्यावर फुफ्फुसाच्या कर्करोगातील ह्या प्रकाराचा वाटा १९८६ सालच्या शंभरांत १७ वरून २००२ साली १३ वर आला. माणसे काय ओढतात त्याप्रमाणे हा आकडा वर-खाली होतो. आपल्याकडे २०२० साली महाराष्ट्र सरकारने सुटी विडी-सिगारेट विकण्यास बंदी केली. सुटी विडी घेणाऱ्या पोराला बंडलावरचे भयंकर चित्र दिसतच नाही, हा त्यामागचा विचार आम्हांस पटतो.

वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर अक्काने आम्हांस एकीकडे घेतले. तिच्या मनात निराळाच प्रश्न होता. "मी चाळीस वर्षे त्यांच्या धुरात बसले," ती म्हणाली. "आता माझी पाळी का रे?" आम्ही जे वाचले होते ते तिला सांगितले. धूम्रपान करणाऱ्याबरोबर राहणाऱ्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका शंभरास वीस-तीसने वाढतो. पण जो धोका मुळात लहान असतो तो तेवढ्याने वाढूनही लहानच राहतो. आणि दाजींना जो प्रकार झाला तो, स्वतः कधी न ओढलेल्या माणसास क्वचितच होतो. तिच्या बाबतीत तो खरोखरच विरळा. तिने ते दोनदा विचारून घेतले. मग धाकट्या मुलाकडे पाहिले. तो कुंपणापाशी उभा होता, खिशात हात घालून, आणि तिने त्याला हाक मारली.