मोकळी जागा

आपले गाव आपल्याला पाठ आहे, असे प्रत्येकालाच वाटते. मलाही वाटत होते. हिंगोलीतली पलटन, रिसाला, तोफखाना ही नावे मी लहानपणापासून ऐकत आलो. निजामाच्या राज्यात इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. घोडेस्वारांचा तो रिसाला, तोफांचा तो तोफखाना. कुठे काय आहे, हे तेव्हा मोहल्ल्याच्या नावावरूनच कळे. आता त्यासाठी नकाशा पाहावा लागतो, आणि तो मी साठी उलटली तरी पाहिला नव्हता.

निमित्त झाले आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेचे. शेत अकृषिक करून प्लॉट पाडताना मोठ्या ले-आऊटमध्ये दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. आजच्या नियमांत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीला हे बंधन आहे. आमचा तुकडाही असाच, मुलांना खेळायला म्हणून सोडलेला. प्रत्यक्षात तिथे बाभळी, विटांचे तुकडे आणि कुणाच्या तरी दोन म्हशी.

यंदा पावसाळ्यात तिथे एका लेकराच्या पायात काच घुसली. रविवारी आमच्याच ओसरीवर बैठक भरली. मी तावातावाने बोललो. नकाशा आणून, जागा मोजून, कुंपण घालायचे ठरले. नकाशाचे काम अर्थातच माझ्याकडे आले. निवृत्त मास्तराला दुसरे काम काय असते?

त्या निमित्ताने थोडे वाचन झाले. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा करताना लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. शाळा कुठे, बाजार कुठे, बाग कुठे, यावर तुम्हांआम्हांला बोलता येते. अशा नोटिसा वर्तमानपत्रात दिसल्या की मी मात्र आजवर पान उलटीत आलो होतो.

नकाशा आला. टेप लागली. ती सरळ जात जात आमच्या मागच्या भिंतीला भिडली आणि तिथे न थांबता तीन फूट आत आली. धुण्याचा दगड आणि सौभाग्यवतीचा पारिजातक, दोन्ही सार्वजनिक जागेत! मंडळी गप्प. शेजारचे वकीलसाहेब आकाशाकडे पाहू लागले, कारण पुढची भिंत त्यांची होती.

रात्री मी म्हणालो, "तीन फुटांनी काय बिघडते?"

ही म्हणाली, "लेकराच्या पायात काच घुसली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच बोलत होता."

मी गप्प राहिलो. तीच पुढे म्हणाली, "भिंत मागे घ्या. झाड तिथेच राहू द्या. फुले काय, भिंतीच्या दोन्ही बाजूंना पडतात."

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आले होते. शहरांच्या गल्ल्या ते पायी हिंडत. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, शक्य तितके राखून थोडेच हलवावे, असा त्यांचा आग्रह असे. हिची युक्ती त्यांना नक्की पटली असती.

भिंत पाडायला एक दिवस लागला. मनाची तयारी व्हायला पंधरा. त्या पंधरा दिवसांत मला आपल्या रामलीला मैदानाची आठवण होत होती. दीडशेहून अधिक वर्षे हिंगोलीचा दसरा होतो आहे. त्या मैदानावर सारे गाव लोटते, प्रदर्शन भरते, रावण जळतो. सगळ्यांची पावले ज्या जागेवर पडतात, तिथे कुणाची भिंत हळूच पुढे सरकत नाही. आमच्या तुकड्यावर कुणी पाऊलच टाकीत नव्हते, म्हणून आम्ही भिंत टाकली.

आता म्हशी गेल्या आहेत, बाभळी तोडल्या आहेत. वकीलसाहेबांचा विचार अजून चालू आहे. पण काल संध्याकाळी त्यांचीच नात तिथे पारिजातकाची फुले वेचीत होती, आणि ते भिंतीपलीकडून बराच वेळ पाहत उभे होते. दिवाळीत सगळ्यांनी फराळाची ताटे घेऊन तिथेच जमायचे ठरले आहे. सतरंजी आमची.