डग्गा कुठे गेला?

ठाण्यात कोपरीतल्या जुन्या इमारतींतले पोटमाळे अजून भरलेले आहेत. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की ते हळूहळू रिकामे होतात आणि त्यातलं जे जे विजेवर चालतं ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. या वेळी मात्र मलाच बोलावणं आलं. वस्तू उचलून आणण्यासारखी नव्हती: हातभर उंचीचे, सनमायका मारलेले दोन लाकडी स्पीकर. अष्टविनायक चौकाच्या अलीकडे, तळमजल्यावरचं घर.

घरातला मुलगा कॉम्प्युटरपाशी वायरींचा गुंता घेऊन बसला होता. इअरफोनची वायर कापून तिची उघडी टोकं त्याने स्पीकरला गुंडाळली होती, पिन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या भोकात. आवाज येत होता, पण डासाएवढा. कान लावला तर कुणीतरी गातंय एवढं कळत होतं.

“काका, पिन चुकीची आहे का?”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून वडिलांनी पेपर खाली न करता उत्तर दिलं, “पिनेचा प्रश्नच नाही. ते कॉम्प्युटरला लागत नाहीत. मी आधीच सांगितलं होतं.”

दोघांचंही चुकत होतं. पिन बरोबर होती आणि स्पीकरही ठणठणीत होते. मल्टीमीटर लावला तर एकात साडेसहा ओहम, दुसऱ्यात जरा वर. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर असाच थोडा कमी दिसतो. अडचण अशी की कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्या मध्ये कुणीच नव्हतं. कॉम्प्युटरच्या त्या भोकातून जेमतेम एक व्होल्टाचा संदेश निघतो आणि समोरचा दहा हजार ओहमचा असेल अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट. त्याच एका व्होल्टाला आठ ओहमचा स्पीकर सव्वाशे मिलिअँपिअर मागतो. हजारपटीहून जास्त. स्वयंपाकघरातून बाईंनी हळूच ‘वरण संपत आलंय’ म्हणावं आणि ते पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत ऐकू जावं, अशी ही अपेक्षा. मध्ये वाढपी लागतो. इथे तो अ‍ॅम्प्लिफायर.

“होता की,” वडील म्हणाले. “खाली ठेवलेला होता. २००५च्या २६ जुलैच्या पाण्यात गेला. हे कपाटावर होते म्हणून वाचले.”

तेव्हा पेपर बाजूला झाला. १९८५-८६च्या सुमारास त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून आठ इंची वूफर आणि ट्विटर आणले होते आणि खोके ओळखीच्या सुताराकडून करून घेतले होते. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर दुकानदारही क्षणभर थांबेल. त्या काळात नोकरीच्या पगारात तयार म्युझिक सिस्टिम घेणं सगळ्यांना जमत नसे. रविवारी ग्रँट रोडला उतरायचं, सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायचं, असे कितीतरी लोक होते. मीही शिकलो तो त्यांच्यातच.

मागची फळी उघडली. आत आवाज शोषायला काचेची लोकर असते, इथे जुन्या गादीचा कापूस भरलेला होता. झुरळांच्या चिकार अंड्यांसकट. कापूस बाहेर काढून झटकला. वूफरचा कोन कागदाचा, त्याची कड चुण्या पाडलेल्या कापडाची. ही कड फोमची असती तर मी तिथेच हात टेकले असते. आपल्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत पिठासारखा झडतो, बोट लावलं की काळी भुकटी. कापड टिकतं. स्वस्तातलं म्हणून घेतलेलं असतं, आणि तेच टिकतं.

वायर मात्र गेल्या होत्या. खाडी इतकी जवळ की तांबं आतपर्यंत काळं पडतं, आणि काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही. ते मण्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. मी वायर बदलल्या, टोकं ब्लेडने चकचकीत खरवडली, आणि मग डाग मारला. चांगला डाग पसरतो आणि चमकतो. दाणेदार, मळकट दिसला तर तो आतून कच्चा असतो. तोंडावर जोडलेला दिसेल आणि पावसाळ्यात दगा देईल. ट्विटरच्या वाटेत ४.७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर होता. साधारण चार हजार हर्ट्झच्या खालचं तो ट्विटरकडे जाऊ देत नाही. इतक्या वर्षांत सुकून गेला होता, म्हणून झांजा घोंगडीखालून वाजल्यासारख्या येत. प्लास्टिक फिल्मवाला नवा लावला.

वाढपी म्हणून माझ्याकडे ४४४०चा बोर्ड होता. आमच्या धंद्यात त्याला नुसतं ‘चव्वेचाळीस चाळीस’ म्हणतात. एका आयसीत दोन्ही चॅनेल, बारा व्होल्टांवर चालतो, बिघडला तर कुठेही मिळतो. आठ ओहमला एकेका बाजूला जेमतेम दीड-दोन वॅट. मुलाचा चेहरा पडला. त्याच्या मित्राकडच्या प्लास्टिकच्या डब्यावर म्हणे ५०० वॅट लिहिलंय. त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत पीएमपीओ असतं, म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद, ते वाचायचं, एवढंच मी म्हणालो. बाकी त्या चार अक्षरांवर मी बोलायला लागलो तर संध्याकाळ जाते. बेस-ट्रेबलची बटणं लावू का, असंही त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. या बाबतीत मी हट्टी आहे: खोका आणि कोन मुळात काय म्हणतात ते आधी ऐकावं.

जोडलं, चालू केलं, आणि घूंऽऽ. गाणं होतं, पण त्याच्याखाली सतत घरघर. मी बोटांची मागची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला हळूच टेकवली. झिणझिण्या. भिंतीतल्या थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये, सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्टांवर लोंबकळत राहतो आणि तोच करंट ऑडिओच्या वायरीतून वाट शोधतो. तीच ही घरघर. काही जण घरघर घालवायला अर्थची पिनच कापतात. तसलं काम मी करत नाही, आणि कुणी केलेलं दिसलं तर दोन शब्द सुनावल्याशिवाय राहवत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग टाकून घ्या म्हणालो आणि घरी गेलो.

आठवड्याने पुन्हा गेलो तेव्हा घरघर नव्हती. मुलाने भजन लावलं. मी समाधानाने पेचकस पिशवीत टाकत होतो.

“डग्गा कुठे गेला?” वडील म्हणाले.

मी ऐकलं. तबल्याची चाट स्वच्छ येत होती, पण डग्ग्याचा घुमारा नव्हता. गाणाराही समोर बसलेला वाटत नव्हता, खोलीत कुठेतरी विरघळल्यासारखा. हे माझ्या कानाला आधी लागायला हवं होतं. पेन्सिल सेल काढला आणि एकेका स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला, अधिक तांबड्या वायरीला. डावा कोन ‘टक’ करून बाहेर आला. उजवा आत गेला. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग हवा जागच्या जागी जिरते आणि खालचे सूर पहिले मरतात.

मी फळी पुन्हा उघडली. तांबडी वायर वूफरच्या वजावर. नवी वायर मी जुन्याच्याच जागी टाकली होती, जशीच्या तशी, न तपासता. तीस वर्षं हे काम करतोय.

“ते मीच उलटं लावलं होतं,” वडील शांतपणे म्हणाले. “तेव्हाच कळलं. पण सुताराने मागून खिळे ठोकलेले, पुन्हा कोण उघडणार? अ‍ॅम्प्लिफायरकडे उलटं लावून भागवलं.”

“मग मला सांगायचंत की!”

“विसरलो होतो. डग्गा गेला तेव्हा आठवलं.”

टोकं बदलली. डग्गा आला, आणि गाणारा दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये येऊन बसला. वडिलांनी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली. अधिकच्या टोकाला खूण करायला मी लाल नेलपॉलिश मागितलं. ते घरात नव्हतं, म्हणून देव्हाऱ्यातलं कुंकू फेविकॉलमध्ये कालवून ठिपके दिले.

सोमवारी सकाळी मुलाचा फोन. “काका, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये आमचे साहेब बोलायला लागले की शोकेसची काच थरथरते. बाबा दर वेळी बाहेर येऊन बघतात कोण आलंय ते. जरा डग्गा कमी करता येईल का?”

बोर्डाला बटणंच नव्हती. संध्याकाळी येतो म्हणालो.