पाय न टेकता

कासारी घाटाचं शेवटचं वळण संपलं की आम्ही सगळे एकेक पाय जमिनीवर टेकवतो आणि थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मागे, खाली, नांदगावकडचा सपाट मुलूख नुकता उजळत असतो. पुढचा रस्ता मराठवाड्यात जातो. आगगाडी मनमाडहून औरंगाबादकडे वळण्याआधी वेरूळची लेणी बघायला येणारे लोक नांदगाव स्टेशनात उतरायचे आणि टांग्याने, बैलगाडीने पुढे निघायचे. त्या बैलांचा विचार घाट चढताना नेहमी मनात येतो. पोटऱ्या भरून आल्या की जास्तच.

आम्ही सात-आठ सायकलस्वार आहोत. एक शाळेतले सर, एक औषधांच्या दुकानाचे मालक, रेल्वेत ट्रॅकमन असलेला एक तरुण, नुकतीच बारावी झालेली एक मुलगी. आमच्या मंडळाला नाव नाही. रात्री ‘उद्या घाट’ एवढाच निरोप फिरतो. शनिवार असला तर ‘नस्तनपूर’, मग शनिमहाराजांचं दर्शन होतं आणि बाहेर चहा. ट्रॅकमन वाटेत रुळांकडे बघत असतो, सर शेतांकडे. मी माणसांच्या पायांकडे बघतो. ही सवय मला आठव्या वर्षी लागली.

नांदगावच्या स्टेशनरोडला तेव्हा भाड्याने सायकली देणारं दुकान होतं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेले असायचे. मुलांसाठीची लहान सायकल एकच होती, सात नंबरची. ती कधी मोकळी सापडायची नाही. मग मोठी सायकल घ्यायची आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत जायचं. चाचा वहीत वेळ लिहायचे, नाव विचारायचे नाहीत. ‘कोणाचा तू?’ असं विचारायचे आणि वडिलांचं नाव लिहायचे. अनामत तेवढीच. पंक्चर काढताना त्यांच्या हाताशी बसायला मला फार आवडे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब तसूतसूने पुढे सरकायची आणि एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटायची. ते तिथे बोट दाबून धरत, फडक्याने जागा कोरडी करत, कानशीने घासत. मग सोल्युशन लावून त्यावर हळूच फुंकर मारत. लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर मारावी तशी.

उन्हाळ्यात मात्र सायकल खेळायला मिळायची नाही. आमचा तालुका तहानलेला. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी नळाला येईपर्यंत गावाने फार वाट पाहिली. मे महिन्यात घरोघरच्या सायकली पाण्याला जायच्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन, जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने करकचून बांधलेले. भरलेल्या सायकलवर कुणी बसत नाही, ती हाताने ढकलत आणायची. एका बाजूचं पाणी हिंदकळलं की हँडल मनगट पिरगाळतं. माझं मनगट त्या वजनाने तयार झालं असं मी अजून मानतो.

अशाच एका मे महिन्यात, १९७९ असेल, बाजारतळावर तो आला. सात दिवस आणि सात रात्री सायकलवरून उतरायचं नाही, पाय जमिनीला लावायचा नाही, असा त्याचा खेळ. त्या काळी महाराष्ट्रातल्या गावोगावी असे सायकलवाले येत. मैदानाच्या मधोमध बांबू रोवायचा, त्यावर कर्णा आणि दिव्यांची माळ, आणि भोवती गोल फिरत राहायचं. दिवसा कसरती. हँडलवर उभं राहायचं, चालत्या सायकलवरून जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलायचा, पोराला खांद्यावर घ्यायचं. तो जेवायचा सायकलवर, दाढी करायचा सायकलवर. अंघोळीच्या वेळी लोक कडेला बादल्या घेऊन उभे राहत, आणि तो जवळून गेला की तांब्याने पाणी ओतत. टंचाईच्या दिवसांत दिलेलं ते पाणी होतं. खूश होऊन कुणी एक रुपया, कुणी दोन रुपयांची नोट त्याच्या सदऱ्याला टाचणीने लावी.

पण मला आठवते ती रात्र. पाचवी असावी. वडिलांनी मला दोनच्या सुमारास उठवलं आणि बोट धरून बाजारतळावर नेलं. कर्णा बंद होता. सगळीकडे सामसूम होती, नुसता फ्रीव्हीलचा कटकट आवाज येत होता. त्याची मान छातीवर पडली होती, आणि त्याच्या बाजूने स्टेशनवरचा एक हमाल पळत होता, एक हात त्याच्या पाठीला लावून. पळता पळता बोलत होता. त्याच्या गावाचं नाव विचारत होता, आईचं विचारत होता, पोरं किती ते विचारत होता. तो हमाल दमला की कट्ट्यावरून दुसरा उठे. टांगेवाले होते, चाचा होते. त्यांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. माझ्या वडिलांची पाळी होती म्हणून आम्ही गेलो होतो. वडील धोतराचा सोगा खोचून त्या माणसाच्या शेजारून पळताना मी पाहिले. घरी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारे वडील त्या रात्री अर्धा तास बोलत होते.

सातव्या दिवशी संध्याकाळी चौघांनी त्याला उचलून उतरवलं. त्याला उभं राहता येईना. पाय इतके सुजले होते की वहाणा चढेनात. चाचांनी आपल्या मोठ्या मापाच्या चपला त्याला दिल्या. रात्रीच्या पॅसेंजरने तो गेला.

पुढे खूप वर्षांनी, २०१५ साली, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्याची बातमी आली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४८०० किलोमीटर, दोघांनी मिळून, नऊ दिवसांच्या आत. दोनच वर्षांनी नाशिकमध्ये लष्करी सेवेत असलेले श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. या स्पर्धेत चढापेक्षा झोप मोठी वैरी असते. मागून गाडीत सोबती असतात, ते रात्रभर स्वाराशी बोलत राहतात, गाणी लावतात, हाका मारतात. हे वाचलं आणि मला बाजारतळावरचे हमाल दिसले. त्यांना कुणी शिकवलं होतं?

आता नाशिक शहरात सायकलींची मोठी चळवळ आहे. ब्रेव्हे होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, जिंकणं-हरणं नाही, फक्त मुदतीत पोचायचं. मी एकदा २०० केलं आणि कार्डावरचा शेवटचा शिक्का बघून माझे डोळे भरून आले. हे सगळं मला मनापासून प्रिय आहे. तरी ३ जूनला सायकल दिनाच्या फेऱ्या निघतात तेव्हा मन थोडं दुखतं. त्या फेरीत दूधवाला नसतो, पेपरवाला नसतो, पाच किलोमीटरवरून शाळेला येणारी मुलगी नसते. सकाळी सातला ही माणसं सायकलवर असतातच, कामावर. दाराशी एक पाय टेकवून दूधवाला माप ओततो, दुसरा पाय पायडलवरच. गावाची सायकल त्याने चालू ठेवली आहे. फेरी निघावी तर त्याच्या मागून निघावी, त्याच्या वेळेला.

नाशिकच्या सायकलस्वारांनी २०१२ साली पंढरपूरची सायकल वारी सुरू केली. अहिल्यानगरमार्गे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, आषाढीच्या आधी. एका वर्षी मीही गेलो. पावसाची भुरभुर, ओला रस्ता, दिंड्यांना हात जोडत पुढे जायचं, आणि गावोगाव चहा घेऊन उभे असलेले अनोळखी लोक. पंढरपूरला पोचल्यावर मैदानात सायकलींचं रिंगण झालं. शेकडो सायकली, गोलात गोल, मधे विठ्ठलनाम. बाहेरच्या गोलात मी होतो. पुढच्या चाकाकडे बघत, मागच्याचा अंदाज घेत फिरत होतो. जरा वेळाने लक्षात आलं की ओल्या मातीत आमच्या चाकांनी एक वर्तुळ कोरलं आहे आणि मी त्यातूनच फिरतो आहे. पाय टेकवायचं मनात येईना.

तिथे मला आजी आठवली. आजी माळकरी होती, वारी करायची. तो सायकलवाला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पाण्याच्या पाळीला जाताना ती मला बाजारतळावरून घेऊन गेली. मैदान मोकळं होतं. बांबू काढल्याचा खड्डा होता आणि त्याच्या भोवती सात दिवसांत खोल गेलेली गोल चाकोरी. आजीने डोक्यावरची रिकामी घागर खाली ठेवली, वाकली, चाकोरीतली चिमूटभर धूळ उचलली. रिंगण झाल्यावर अश्वाच्या टापांखालची माती लावतात तशी आधी स्वतःच्या कपाळाला लावली, मग माझ्या. ‘चल, नंबर जाईल आपला,’ म्हणाली आणि घागर उचलून झपझप चालू लागली.