लेकरासाठी थांबलेली वर्षं कागदावर कशी लिहायची?



बारावीनंतर मध्ये काही वर्षं गेली असतील, तर प्रवेशाच्या वेळी बऱ्याच ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. रिपीट करणाऱ्या मुलांना त्याचं फारसं काही वाटत नाही. पण जिची वर्षं लेकरू वाढवण्यात गेली, ती मात्र हा कागद करताना उगाच खालमानेनं बसते.

सेलू तालुक्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी अशीच. बारावी सायन्स झाली, लग्न झालं, दोन वर्षांनी मुलगी झाली. आता मुलगी अंगणवाडीत जाते आणि आई पहाटे उठून नीटचा अभ्यास करते. "आता काय वय राहिलंय का डॉक्टर व्हायचं?" असं घरातच ऐकावं लागतं. परवा तिनं मला विचारलं, "मॅडम, गॅपचं कारण आजारपण लिहिलं तर चालंल का?"

मी म्हटलं, "अगं, आजारपण कशाला? लेकरू सांभाळलंस, तेच लिही. खोट्या कारणाचा पुरावा कुठून आणशील?"

मग आम्ही नियम पाहिले. एमबीबीएससाठी किमान वय 17. वरची वयोमर्यादा 2022 मध्ये काढून टाकली आहे. प्रवेश नीटच्या 720 गुणांमधल्या गुणवत्तेवर. अमेरिकेत मेडिकलच्या अर्जासोबत स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो, मुलाखतही होते. आपल्याकडे तसं नाही, आणि गॅपचे गुणही कापले जात नाहीत. म्हणून कागदावर सरळ लिहायचं: बारावी कोणत्या वर्षी झाली, नंतर दुसरीकडे प्रवेश घेतला होता का, आणि अपत्याच्या संगोपनामुळे शिक्षण थांबलं होतं. बस्स. गयावया करायची गरज नाही.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळवली. त्यांच्या शिक्षणामागचं कारणच आईपण होतं.

खरा अवघड प्रश्न फॉर्मवर नसतो. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण नंबर तिथंच लागेल असं सांगता येत नाही. साडेचार वर्षं शिक्षण, वर वर्षभर इंटर्नशिप. तेवढे दिवस लेकराला शाळेत कोण सोडणार, ताप आला तर रात्री कोण जागणार? याचं उत्तर नवऱ्यानं, सासू-सासऱ्यांनी, आई-वडिलांनी फॉर्म भरायच्या आधी बसून ठरवायला हवं.

आणि आपण शिक्षकांनी? जुनी विद्यार्थिनी कडेवर लेकरू घेऊन दाखला मागायला आली, तर "आता कशाला?" असं विचारू नये. "कोणता विषय कच्चा राहिलाय?" असं विचारावं.