अहवाल येईपर्यंत

गेल्या महिन्यात एका दुपारी ओळखीचे एक शेतकरी माझ्या कार्यालयात आले. सारे गाव त्यांना आबा म्हणते. मला वाटले, माती परीक्षणाचा कागद न्यायला आले असतील. पण आबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. मुंबईच्या भाच्याने त्यांना एका खाण कंपनीचे शेअर घ्यायला सुचवले होते. कंपनीने कुठेतरी तांब्याच्या शोधात बोअर मारले होते आणि तपासणीचा अहवाल दोन महिने लांबला होता.

"साहेब, भाचा म्हणतो, उशीर झालाय म्हणजेच खाली घबाड आहे. कंपनी गुपचूप शेजारची जमीन घेत असणार. कांद्याचे आलेत तेवढे घालावे म्हणतो."

कांद्याचे पैसे म्हणजे धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे, हे मला माहीत होते. मी चहा सांगितला आणि आबांना कॅनडातली एक जुनी हकिकत सांगितली.

कॅनडात टिमिन्स नावाचे खाणींचे गाव आहे. त्याच्या जवळ एका मोठ्या कंपनीने नोव्हेंबर 1963 मध्ये एक बोअर मारला. आपल्या विहिरीच्या बोअरमधून भुकटी येते. तिथे पोकळ यंत्राने दगडाचे अखंड नळकांडे वर काढतात. ते उभे चिरून अर्धे प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धे जपून ठेवतात. त्या एका बोअरमध्ये सहाशे फुटांपर्यंत तांबे, जस्त आणि चांदी सापडली. कंपनी गप्प राहिली, कारण शेजारची जमीन हाती यायची होती. एप्रिल 1964 मध्ये तिने शोध जाहीर केला. मधल्या काळात आतल्या काही माणसांनी शेअर घेऊन ठेवले होते. पुढे 1968 साली अमेरिकेच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवले.

लोकांनी यातून धडा काढला, तो असा : कंपनी गप्प आहे म्हणजे माल आहे.

मग जुलै 1964 उजाडला. तिथून काही मैलांवर 'विंडफॉल' नावाच्या छोट्या कंपनीने बोअर सुरू केला आणि दोन-तीन दिवसांतच थांबवला. नळकांडे लगेच तपासायला पाठवले नाही, आणि काय सापडले तेही सांगितले नाही. झाले! साठ सेंटच्या आतला शेअर तीन आठवड्यांत पाच डॉलरच्या वर गेला. टिमिन्समधल्या साध्या माणसांनीही पैसे घातले. 30 जुलैला कंपनीने सांगितले, उपयोगाचे काही नाही. दुसऱ्या दिवशी भाव कोसळला. सरकारने चौकशी आयोग नेमला, खटला झाला, पण कंपनी चालवणारे पतीपत्नी फसवणुकीच्या आरोपातून 1969 साली सुटले. बुडालेले पैसे मात्र कोणाच्या घरी परत आले नाहीत.

"आबा," मी म्हटले, "दोन्ही कंपन्या गप्पच होत्या. एकीच्या खाली धन होते, दुसरीच्या खाली दगड. गप्प बसण्यावरून तुम्ही कसे ओळखणार?"

आबा म्हणाले, "तुमचं बरंय साहेब, तुम्ही कागदावरची माणसं."

हे मला लागले. कारण गप्प बसल्याने काय होते, ते मी कागदावर नव्हे, शिवारात पाहिले आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या तालुक्यात होतो. सोयाबीनच्या बियाण्याचा नमुना उगवण तपासणीला गेला होता, अहवाल आला नव्हता. मृगाचा पाऊस पडला. लोक विचारत, "काय साहेब?" मी म्हणे, "अजून आला नाही." हे खरेच होते. पण पोत्यांतल्या दाण्यांची साल ठिकठिकाणी फुटलेली मी पाहिली होती, आणि तेवढे मात्र बोललो नाही. लोकांनी हिशेब केला : बी वाईट असते तर साहेबांनी अडवले असते. पेरण्या झाल्या. अहवाल आला तेव्हा उगवण सत्तर टक्क्यांच्या बरीच खाली होती. निम्म्या गावावर दुबार पेरणी आली. एका म्हातारीने दारातच मला विचारले, "लेकरा, तुला ठाऊक होतं का रे?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा आणि कोंब मोजा, एवढे तरी मी सांगू शकलो असतो.

आबा बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मग भाच्याला काय विचारू?"

मी कागदावर लिहून दिले : बोअर किती मारले? किती खोल? तांबे शेकडा किती, आणि किती फुटांपर्यंत? कोणत्या प्रयोगशाळेने तपासले? अहवाल लांबल्याचे कारण कंपनीने लेखी दिले आहे का? यातले एकही उत्तर नसेल, तर भाच्याजवळ बातमी नाही, नुसती आशा आहे.

आठ दिवसांनी आबा मातीचा कागद न्यायला आले. शेअरबद्दल बोलले नाहीत. जाता जाता एवढेच म्हणाले, "धाकटीची फी भरली, साहेब."

वाचकहो, न आलेला अहवाल हा चांगला अहवाल नव्हे आणि वाईटही नव्हे. तो आलेला नाही, एवढेच खरे. तोवर घरचा पैसा घरात असू द्यावा. आणि ज्याला काही ठाऊक आहे, त्याने विचारण्याची वाट न पाहता बोलावे.